नवाबच्या पायांवर पाणी

छत्रपती संभाजीनगर,
बुधवार, दुपार

थोरले साडूभाऊ श्री. सांडूराव यांना धाकट्याचा एका हाताचा नमस्कार. (दुसरा हात नवाबच्या पोटाखाली अडकलाय. काढला की तो डोळे उघडतो, आणि तसे डोळे माझ्याच्यानं बघवत नाहीत.)

आधी हिशेब सांगतो. आमच्या सोफ्यापासून फरशीपर्यंत अंतर दीड फूट. एवढ्याशा उडीला काय काय लागलं? नवाबचे मागचे दोन पाय, माझी झोप, सुलेखाचं अन्नपाणी आणि शेवटी तो सोफा. भंगारवाला नको म्हणत होता तरी तिनं तो त्याच्या गाड्यावर चढवला, जसं काही सोफ्यानंच कुत्र्याला ढकललं होतं.

आक्कांचे गुडघे कसे आहेत? मका घरात आला का? फोन करायचा सोडून पत्र का लिहितोय असं आपल्याला वाटेल, तर फोनवर सुलेखा ऐकते. हे पत्र सिल्लोड गाडीच्या कंडक्टरकडे देतोय. वाचून चुलीत घालावं.

नवाबला आपण पाहिलंय. सोनियानं पुण्याला नोकरीला जाताना आमच्या गळ्यात बांधलेला कुत्रा. लांबीला बाकडं, उंचीला पाट, पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटं. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं की मणक्यातली गादी सरकलीय, वय बघता ऑपरेशनचा धोका नको, गोळ्या द्या, हलू देऊ नका. सोनियाला आम्ही काहीच कळवलेलं नाही. ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा आम्ही नवाबचं फक्त तोंड दाखवतो. परवा ती म्हणाली, "पप्पा, जरा शेपूट दाखवा ना." सुलेखानं नेटवर्क गेल्याचं सांगून फोन उशीखाली घातला. पण रविवारी पोरगी स्वतःच येतेय. तिला उशीखाली घालता येत नाही.

म्हणून त्या डॉक्टरांनीच सुचवलं तसं, गोळ्यांच्या जोडीला डॉ. आमरीन यांच्याकडे जायचं ठरलं. त्या जनावरांना सुया टोचतात, तेल चोळतात, शेक देतात. मला आधी हे मंतरलेल्या ताईतासारखं वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. बाई शांत आहेत. म्हणाल्या, "काका, गोळ्या बंद करायच्या नाहीत. सुया जोडीला आहेत, बदल्यात नाहीत. आणि चालेलच असा शब्द मी कुणाला देत नाही." हे शेवटचं वाक्य माझ्या ओळखीचं. दुकानात मी स्वतः गिऱ्हाइकाला असं बोलतो तेव्हा मोटार बहुतेक जळालेलीच असते.

पहिल्या दिवशी बाहेर एक मांजर दिव्याखाली पाठ शेकत पडलं होतं, एखाद्या सासऱ्यासारखं. आत नवाबच्या पाठीत दहा-बारा सुया गेल्या, साळिंदर झालं त्याचं, आणि हा घोरायला लागला. मग सुयांना वायरी लावल्या. वायर दिसली की माझ्यातला मेकॅनिक जागा होतो. मी विचारलं, सिंगल फेज का थ्री फेज? बाई म्हणाल्या, छोटी बॅटरी आहे काका. एवढ्यात त्यांचे मदतनीस दाऊदभाई स्टूल घेऊन धावले: "चाचा, तुम बैठो. कुत्ता मजे में है, तुमकू पसीना छूट रहा." मी बसलो. (खाली बघितलं नाही. वर पंखा बघत होतो. पंख्याचं बेअरिंग गेलेलं होतं, पण ती बोलायची वेळ नव्हती.)

आता सोमवारचं ऐका. माझे कान आपल्याला ठाऊक आहेत. मोंढा नाक्यावर एका स्टुलावर बसून जळक्या मोटारींत नवी तार भरता भरता बोअरच्या मोटारींचं दुकान उभं केलं, ते कानांच्या जिवावर. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली की पोटातला बिघाड सांगतो. तर नवाब सुयांसकट झोपलेला, मी शेजारी, आणि बाई पडद्यामागं दाऊदभाईंना म्हणाल्या, हलक्या आवाजात, "शुक्रवारी नवाबच्या पायांवर पाणी सोडू."

सांडूराव, हे मी या कानांनी ऐकलं. आमच्या कडूबाकाकांनी वाटणीवर पाणी सोडलं, ते शेत पुन्हा नजरेला पडलं नाही. पाणी सोडणं म्हणजे काय हे मला शिकवायला नको. संपलं, बाईंनी आशा सोडली, फक्त आपल्याला सांगायला धजत नाहीत. रविवारी सोनिया दारात उभी राहील आणि हा पुढच्या दोन पायांवर फरशी पुसत तिच्याकडं येईल, हे चित्र असं डोळ्यांपुढं आलं की मी काही विचार केलाच नाही. नवाबला दवाखान्याच्या टॉवेलसकट, सुयांसकट, वायरींसकट उचललं, टेंपोत ठेवलं आणि जळगाव रोडला लागलो. आपल्याकडंच निघालो होतो. आपल्या गावचा फकिरा बैलांचे पाय बसवतो, हे आठवलं होतं. (कुत्र्याचे बसवतो का, हे सावंगी ओलांडल्यावर सुचलं.)

फुलंब्रीच्या अलीकडं मागून आवाज यायला लागला. आधी बारीक टिकटिक. ती बॅटरीची पेटी चालूच राहिली होती. मग टिकटिकीबरोबर खर्र. पत्र्यावर नख घासल्यासारखं. गाडी बाजूला घेऊन बंद केली, श्वास रोखून ऐकलं. टिक, खर्र. डावा मागचा पाय. मागं वळून बघायचं धाडस होईना, पण कान खोटं बोलत नाहीत.

तेवढ्यात बाईंचा फोन. कुठं आहात विचारलं, सुया कितपत हलल्यात ते विचारलं, पेटी बंद करायला लावली. मी म्हणालो, "डॉक्टर, पायांवर पाणीच सोडायचं होतं, तर सुया कशाला टोचल्या?"

 बाई म्हणाल्या, "काका, पाणी म्हणजे पाणी. कोमट. टाकीत उभं करून चालवायचं असतं."

तीस वर्षं मी शेतकऱ्यांना 'मोटार बसली, आता पाणी सोडा' सांगतोय. तरीही मला तो अर्थ सुचला नाही. मग मी नखाचं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, मागचाच का? मागचाच, डावा. "काका, पेटीनं स्नायू उडतो, लगेच फार आशा धरू नका," त्या म्हणाल्या, पण आवाज बदलला होता, आणि तो मला बरोबर ऐकू आला. "शुक्रवारी मात्र चुकवू नका." टेंपो उलटा वळवून दवाखान्यात गेलो, सुया बाईंनी काढल्या.

आता खरी अडचण. टाकीत त्याच्याजवळ घरचं माणूस उभं पाहिजे, परक्यानं धरलं की तो चावतो. सुलेखाचा पाय मुरगळलाय. राहिलो मी. तसा पाण्याला भिणारा मी नव्हे. पाच-पाच परस खोल विहिरींत सूर मारून मोटारी वर काढल्यात, हे दिवाळीला आपल्या मळ्यात सगळ्यांसमोर सांगितलंच होतं. पोरं कशी तोंड उघडी टाकून ऐकत होती. पण तेव्हा विहिरींतून मोटारी आणायच्या होत्या. आता नवाबचे पाय आणायचेत, आणि रविवार जवळ आलाय. सोमवारपासून मला घास गिळवत नाही.

आक्कांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला धाकटा साडू,
काकासाहेब

ता. क. फुलंब्रीचं आक्कांना कळू देऊ नये. सुलेखाला मी तिथं मोटार दुरुस्तीला गेलो होतो असंच ठाऊक आहे. दवाखान्याच्या टॉवेलचं विचारलं तर आपल्याला काही माहीत नाही.

आणखी एक. आपल्या गोठ्यात ट्रॅक्टरची जुनी ट्यूब टांगलेली आहे, पोरं जिच्यावर पोहायला शिकली ती. शुक्रवारी पहिल्या गाडीनं पाठवावी. हवा भरूनच पाठवावी, इथं भरायला गेलो तर सुलेखा विचारील. नवाबला ती मोठी होईल असं आपण म्हणाल. नवाबसाठी नकोय.

पाकीट बंद करता करता: दाऊदभाईंना फोन करून टाकीची खोली विचारली. ट्यूब तरीही पाठवाच. पाणी नवाबच्या पोटाला लागेल एवढंच असतं.