आधी वेग, मग कविता

३ जानेवारी. सकाळी.
डॉक्टर म्हणाले, हिचे शब्द हळूहळू जात राहतील. किती आणि कधी, सांगता येत नाही. हिला शाळेतल्या चौदा कविता अजून तोंडपाठ. त्यांतली नावाड्याची माझी सर्वांत लाडकी, पण मला पहिली ओळच येते. पुस्तक केव्हाच हरवलं. मी ओळ म्हणून अडलो की ही भुवया उडवून 'मग?' म्हणते, जरा छळते आणि पुढचं सगळं म्हणून दाखवते.
संकल्प: चौदाही टाइप करून ठेवायच्या. महिन्याभरात.

५ जानेवारी.
ही घडाघडा म्हणते, मी 'न' शोधत बसतो. मिनिटाला सहा शब्द! दोष माझा नाही, कीबोर्डचा. रोजची अक्षरं करंगळीला, आणि ज्यांचं वर्षातून एकदा काम पडतं ती मधोमध ऐटीत! नवी शास्त्रीय मांडणी मीच करणार. ही म्हणाली, अहो, वहीत लिहून घ्या की. हसलो. वही हरवते.

१९ जानेवारी.
जुन्या पेपरांतली अक्षरं मोजून झाली. दोन आठवडे गेले, पण पाया पक्का. जावयांनी मांडणी कॉम्प्युटरमध्ये भरून दिली. बटणांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या. हिच्या नावाचं पहिलं अक्षर उजव्या तर्जनीखाली. शास्त्रीय कारण आहे, नंतर लिहीन.

२ फेब्रुवारी.
वेग चार. सुरुवातीला कमी होतोच.
लेक आली होती. डॉक्टरांना मेल लिहायला बसली, तर भलतंच उमटलं. म्हणाली, बाबा, आईला काय होतंय ते कळवायचंय, आणि तुम्ही अक्षरांच्या बदल्या करत बसलात! लेकीला दूरदृष्टी नाही. आईवर गेली आहे.

२० फेब्रुवारी. दुपारी चार.
वेग अकरा. ही आपण होऊन खुर्ची ओढून शेजारी बसली. म्हणाली, आज नावाड्याची घ्या, आज सगळी आठवतेय. म्हटलं, अगं, पंचवीसवर येऊ दे, एका दमात घेऊ. तिच्या अक्षरावरची पट्टी सुटत होती, ती बोटाने दाबून बसवली आणि उठली.

११ मार्च.
वेग एकोणीस. करंगळी दुखते. ही सकाळी चहाला 'ते गरम' म्हणाली. झोप नीट झाली नसेल.

६ एप्रिल. सकाळी दहा.
बत्तीस! तीनदा मोजलं.
हिला समोर बसवलं. बोटं जागेवर. म्हटलं, कर सुरू, हवं तेवढ्या वेगाने. ही हसली. माझ्या बोटांकडे बघत राहिली. शेवटी मीच नावाड्याची पहिली ओळ म्हटली आणि नेहमीसारखा अडलो.
'मग?' म्हणाली.
भुवया उडाल्या नाहीत. खरंच विचारत होती.
तेवढं टाइप केलं. एक शब्द. चूक नाही.