बाबांच्या टाळ्या

प्रिय ताई,

फोनवर तू समारंभाबद्दल खोदून खोदून विचारत होतीस आणि मी नुसतं हं हं करत होते, कारण बाबा शेजारीच बसले होते. शाळेत पहिली आले, गणिताचं पदक मिळालं, हे तुला कळलंच आहे. निरोपाचं भाषणही बाईंनी मलाच करायला लावलं. मी म्हटलं, मला गणित शिकून शिक्षिका व्हायचंय, आकडे दिसले की पोटात गोळा येणाऱ्या मुलांची. सगळे हसले. वसतिगृहात जागा मिळालीय, सोमवारी निघायचंय. बॅग अजून रिकामीच आहे.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसले होते. माईक इतका खरखरत होता की नावं कुणालाच धड कळत नव्हती. माझ्याआधी एक मुलगी चित्रकलेचं बक्षीस घ्यायला गेली. माझ्याच उंचीची, अंगात निळा स्वेटर. बाबा उठून उभे राहिले आणि तिच्यासाठी टाळ्या वाजवत सुटले. आई तेव्हा पाणी प्यायला बाहेर गेली होती. मी गेले तेव्हा ते खाली बसून रुमालाने डोळे पुसत होते. घरी येताना म्हणाले, "निळा स्वेटर तुला शोभतो गं." माझा लाल होता. मी थँक्यू म्हटलं.

ताई, त्यांना नीट दिसत नाही, हे मला वर्षभरापासून माहीत आहे. डोळ्यांचा मागचा पडदा खराब झालाय, गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. गेल्या वर्षी डेपोत ड्रायव्हरांच्या डोळ्यांची तपासणी होती, तिच्याआधी त्यांनी फक्त मला विश्वासात घेतलं. डबा द्यायचं निमित्त करून मी डेपोच्या दवाखान्यात गेले, भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं हातावर उतरवून आणली आणि स्वयंपाकघरात त्यांच्याकडून घोकून घेतली. ते पास झाले. आम्ही दोघांनी आइस्क्रीम खाल्लं. स्वतःच्या हुशारीचं मला केवढं कौतुक वाटलं होतं. त्या बसमध्ये रोज साठ माणसं बसतात, हे डोक्यातच आलं नाही.

समारंभानंतर आईला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत. तुझं शिक्षण कशावर व्हायचं?" मीही तिच्याबरोबर घड्या घालायला बसले.

पण परवा मी आपल्या थांब्यावर उभी होते. बाबांची बस आली ती थेट फुटपाथला घासत. कंडक्टरकाका मागून ओरडले, म्हणून एक आजी कशीबशी मागे सरकल्या. बाबांना त्या दिसल्याच नव्हत्या. मी तशीच डेपोत गेले आणि साहेबांना सांगून टाकलं, तक्त्यासकट.

काल बाबांना कामावरून थांबवलं. आता तपासणी मोठ्या रुग्णालयात होणार आहे, मशीनवर. चुगली कंडक्टरकाकांनीच केली, असं बाबांनी धरून ठेवलंय. बावीस वर्षं दोघं एकाच गाडीवर. काका संध्याकाळी घरी आले तर बाबांनी दार लावून घेतलं. दार बंद होताना काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. नंतर बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "एक तूच माझ्या बाजूची निघालीस."

तेव्हापासून दोनदा त्यांच्यासमोर जाऊन बसले. एकदा चहा दिला, एकदा उगाच पंखा लावला. स्टेजवर चारशे लोकांपुढे बोलले मी, आणि या एका माणसापुढे बोलता येत नाहीये. ताई, सोमवारच्या आत ये. तू सांग त्यांना, मी शेजारी बसून राहीन, उठून जाणार नाही. तुलाही नाही जमलं तर हे पत्र तरी त्यांना मोठ्याने वाचून दाखव. नुसतं हातात देऊ नकोस. अक्षर कितीही मोठं काढलं, तरी त्यांना ते वाचता येणार नाही.

तुझीच,
धाकटी