राखाडी पिल्लू

१० जून

ती. ताईस,
धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

परवा सकाळी प्रार्थना आटोपून रंगखान्याचं दार उघडलं, तर सुताच्या लडींवर आपली काळी मांजर व्यालेली. बोका तिचाच भाऊ, तोही काळा. पण एक पिल्लू राखाडी निघालं, थेट त्या दोघांच्या आईसारखं. तू हसशील, पण मी तडक गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

आपण रंगारी माणसं. एकाच रंगात सूत बुडवत गेलं की प्रत्येक लड आधीपेक्षा फिकी निघते. बाबांचं आंधळेपण तसंच पिढीगणिक फिकं होत संपेल, अशी मी समजूत घालून घेतली होती. आपली दोघांची नजर चाळिशीनंतरही शाबूत राहिली, तेव्हा वाटलं, सुटलो. त्याच भरवशावर माझी लेक तुझ्या मुलाला द्यायचं ठरवलं.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, रंग विरत नाही, दडून बसतो. आईबापांत दोघांतही दडलेला असला, तर पिल्लात उघडा पडू शकतो. मग घाबरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाबांचा आजारही तसाच निघाला. आपल्या दोघांत तो दडलेला आहेच. मुलांत असेल किंवा नसेल. दोघांतही असला तर नातवंडं... पुढे लिहवत नाही. रक्त तपासून कळतं म्हणे. मुलांना सांगू का?

तुझा लोभ या पत्रानंतरही राहू दे.
भाऊ

१५ जून

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

आधी हसले, मग चिडले. मांजरांवरून माणसांची लग्नं मोडायला निघालास? माझा मुलगा नको असेल तर सरळ सांग की! पोरं लहानपणापासून एकमेकांची आहेत. एक अक्षर बोलू नकोस, माझी शपथ आहे तुला.

काल तिन्हीसांजेला तो पायरीवर अडखळला. माझ्या छातीत धस्स झालं. चपलेचा अंगठा तुटला होता, एवढंच. हे सगळं तुझ्या पत्रामुळे.

रागावले तरी माया आटलेली नाही.
ताई

२२ जून

ती. ताईस,
रागात असलीस तरी नमस्कार घे.

प्रार्थनेला बसलो की बाबाच आठवायचे. बाबा भिंत चाचपत कढईपाशी यायचे आणि विचारायचे, लाल उतरला का रे? तेच कानात घुमत राहिलं.

तुझी शपथ मोडली. लेकीला सगळं सांगितलं. ती रडली नाही, माझ्यावरच डाफरली, की एवढे दिवस एकटेच कुढत बसलात. आज तिचं रक्त देऊन आलो. तिच्यात नसेल तर नातवंडांची भीती नाही. असेल तर काय, हे विचारायचा धीर झाला नाही.

तुझ्या मुलालाही लिहिलं. याच पाकिटात घालणार होतो, पण तू फाडून टाकशील म्हणून त्याच्या कामावर पाठवलं. मघाशीच पेटीत टाकून आलो.

मायेत अंतर देऊ नकोस.
भाऊ