गौरीचा रवंथ

मंगळवार, संध्याकाळ. सोलापूर.

मोडनिंबहून परतले, पण मन सुमनकाकूंच्या गोठ्यातच अडकलंय. गौरी बसली होती आणि तिचा जबडा हलत नव्हता. रवंथ बंद झालेली गाय मी डॉक्टर म्हणून कितीदा पाहिलीय. आज बघवलं नाही. ढेकरांतून जाणारा, हवा तापवणारा मिथेन कमी व्हावा म्हणून आमच्या प्रकल्पाच्या चाचणीतली नवी भुकटी तिच्या आणि काकूंच्या आणखी दोन गाईंच्या पेंडीत मीच सुरू केली होती. पोटातले मिथेन करणारे जंतूच तेवढे दबायला हवे होते. सगळेच दबले की काय? की दुसरंच काही?

शेजाऱ्यांच्या, भुकटी न खाणाऱ्या धडधाकट गाईच्या कोठीपोटातलं, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातलं, पाणी नळीने काढून गौरीला पाजलं. चांगले जंतू परत रुजावेत म्हणून.

काकूंनी शांतपणे विचारलं, "म्याडम, भुकटीनंच झालं न्हवं?"

"माहीत नाही, काकू. पण गौरीची भुकटी आजपासून बंद."

वाटेतून प्रकल्पाच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "एकच गाय ना? तिला चाचणीतून वगळ. बाकीच्यांचा मिथेन छान उतरतोय."

वगळ! तो थांबलेला जबडा कसा वगळू? मी नाही म्हणाले. चिडले ते. चाचणी बंद पडली तर? या कामावर माझा अजून विश्वास आहे, हीच तर पंचाईत.

आत्ताच काकूंचा फोन आला. "गौरी रवंथ करतीया की!"

मला हुंदकाच आला.

मग त्या म्हणाल्या, "आता बाकीच्या दोघींना उद्या भुकटी घालू का नगं?"

"नको," मी म्हणाले. साहेबांना न विचारताच.