उलटी नळी

४ नोव्हेंबर
विज्ञान मंडळाची बैठक. समुद्र संशोधन संस्थेच्या वाटचालीवर व्याख्यान ठरलं. वक्ते डॉ. द., माझे जुने गाईड. सगळे म्हणाले, तुम्ही तिथं होता, पाहुण्यांची ओळख तुम्हीच करा. व्हय म्हटलं. करून देतेच त्याची ओळख.

६ नोव्हेंबर
संस्थेच्या इतिहासाच्या ग्रंथातलं प्रकरण वाचायला आलंय. समुद्रतळाचे धातूचे गोळे, अंटार्क्टिकाच्या मोहिमा, सगळं रीतसर. मग ‘मोसमी पावसाचा इतिहास : डॉ. द. यांचा शोध’. ज्या गाळाच्या थरांतून हा जुना पाऊस वाचला, ती समुद्रतळाची नळी मी वर काढली. डेकवर, ओकत ओकत. शोधनिबंधातून माझं नाव उडवलं तेव्हा द. म्हणाला, “बाईमाणसाला जहाजावर घेतलं हेच पुष्कळ.” मरेपर्यंत विसरणार न्हाय.

९ नोव्हेंबर
फ्लेक्ससाठी द.नं स्वतःच फोटो पाठवला. तरणाबांड, शेजारी उभी चिरलेली नळी, हातात बाण काढलेला पुठ्ठा. वरचं टोक कुठलं ते दाखवणारा. मोठा करून बघितला.

बाण घट्ट मातीकडं. पाणी सुटलेला पातळ गाळ दुसऱ्या टोकाला.

वरचा गाळ पातळ, खालचा दाबून घट्ट. पहिल्या वर्षात शिकवतात हे. मी रात्रपाळी करून झोपले आणि यानं नळी चिरून उलटी मांडली. जुनं ते नवं झालं, नवं ते जुनं. ‘पाऊस वाढत गेला’ हा शोध गाजला, पाऊस खरा कमी होत गेलेला. एवढ्या वर्षांत कुणी बघितलं न्हाय.

आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

११ नोव्हेंबर
शाहूपुरीत फ्लेक्सवाल्याकडं. “मॅडम, पावण्यांचं तोंड बारीक दिसतंय की. चिखल कशाला एवढा?”
“चिखलच मोठा पायजे. बाण त्याहून मोठा.”
संस्थेतली मंडळी येणार आहेत सोबत. एकाला तरी डोळे असतील.
घरी ह्यांना सांगितलं. “सोड की आता. म्हातारा झालाय त्यो.” नवऱ्याला काय जातंय बोलायला. म्हातारी मी पण झाले, आतल्या आत जळत.

१६ नोव्हेंबर
झालं व्याख्यान. स्टेजवर चढताना द.नं फ्लेक्स बघितला आणि थबकला. कळलं त्याला, तिथल्या तिथं. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता.

बोलला बरा. पावसाच्या शोधावर आला, पाणी प्याला, माझ्याकडं वळला. “आज कबूल करतो. हे काम माझं नाही. नळी यांनी काढली, सगळं श्रेय यांचं.”

टाळ्या. लोक उभे राहिले. संस्थेच्या संचालकबाईंनी मिठी मारली. फ्लेक्सकडं कुणी बघेना. हे वाक्य ऐकायला जन्म घालवला, आणि मेल्यानं आपल्या चुकीची घाण माझ्या ओटीत घातली. माइक माझ्यापुढं आला. आभार मानून खाली बसले. का, ते अजून...

१७ नोव्हेंबर
ग्रंथाच्या संपादकांचा फोन. “सरांनी सांगितलंय, त्या शोधावर आता फक्त तुमचं नाव घालायचं. छापायला सोडू?”
संध्याकाळपर्यंत कळवते म्हटलं. ठेवता ठेवता विचारून बसले, माहेरचं आडनाव घालता येईल का, जहाजावर होते तेव्हाचं.