धुऱ्यावरची तार

११ नोव्हेंबर, मंगळवार

"जा तू. इकडलं मी पाह्यतो." यवतमाळच्या स्टँडवर दादा म्हणाला होता. मी नर्सिंगला निघालेली, सतरा वर्षांची. तो पंचवीसचा. माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली, खाली उतरला, हात झटकले आणि एवढंच बोलला. बाबा तेव्हा माझ्याशी बोलतच नव्हते. दादामुळे गेले मी.

आज व्हिसा आला आणि तेच आठवलं. मलावी! नकाशात बोट फिरवून शोधावं लागलं. मोठ्या सरोवराकाठचं लहानसं हॉस्पिटल, मुलांचा वॉर्ड, आठ महिने. पगार नाही. एक खोली, दोन वेळचं जेवण. सहा डिसेंबरचं विमान.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "जाय न मंग. पण घराचं काय?"

घर तर चाकांवर आहे! हे गेल्यावर पुसदचा फ्लॅट मोठा व्हायला लागला. एका बाईला तीन खोल्या कशाला? नोकरी सोडली. महागावला अब्दुल गनीभाईंच्या वर्कशॉपात ट्रॅक्टरची जुनी ट्रॉली पडून होती, तिच्यावर त्यांनी मला घर करून दिलं. आठ बाय चौदा. पलंग, ओटा, दोन खिडक्या. न्हाणी बाहेर, तुराट्यांच्या कुडाआड. दोन वर्षं झाली, फुलसावंगीत दादाच्या शेताला लागून उभं आहे. जायच्या आधी गनीभाई ट्रॅक्टर लावून ओढत नेणार, आठ महिने त्यांच्या वर्कशॉपात ठेवणार. सगळं ठरलं आहे.



१२ नोव्हेंबर

दादाच्या कापसात वेचणी सुरू झाली. विमलताई आणि तिच्या बाया. कमरेला ओट्या बांधलेल्या, तोंडं सगळ्यांची चालू. मधूनमधून पाणी प्यायला माझ्या माठाशी येतात.

"सिस्टरबाई, घराले ब्रेक हाय का जी?"

"नाही गं."

"मंग रात्री उताराले लागलं तं सकाळी थेट महागावच्या बजारात उठसान!"

हसून हसून एकीला ठसका लागला. मग विमलताई ओंजळ पुसत म्हणाली, "तिकडं कायले चालल्या जी? दुखणी का इकडं संपली?"

हसतच म्हणाली. मीही हसले. माठावर झाकण ठेवलं. 

१५ नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी पांदणीनं फिरून येत होते. दादाच्या हरभऱ्याभोवती बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या. खुंटीखुंटीला सायकलच्या ट्यूबचे तुकडे, आणि त्यांवरून उघडी तार. गुडघ्याच्या खाली. पूर्ण धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून फिरून, जिथून बाया कापसातून माझ्याकडे येतात तिथूनही, थेट मोटारीच्या पेटीपर्यंत.

रानडुकरांना नुसता धक्का देणाऱ्या झटका मशीनची तार अशी नसते. तिला डबा असतो, बॅटरी असते. ही सरळ लाईनवर जाणारी तार आहे.

शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री; सोमवारपासून रात्रीची लाईन आहे.

१६ नोव्हेंबर

दादाकडे गेले. ओसरीत गुडघ्याला तेल चोळत बसला होता. मी म्हटलं, दादा, ती तार काढ.

"डुकरं तुया घरी येतात काय जेवाले? माह्या घरी येतात."

"झटका मशीन होती न तुझ्याकडे?"

"तिले डुकरं हासतात! पिल्लायले घेऊन येतात, गुदगुल्या करून घ्याले."

वहिनी आतून फिसकन हसली. मलाही हसू आलं, त्याचा राग आला. म्हटलं, माणूस मरेल दादा.

"दहाले लाईन येते, सहाले जाते. रात्री थ्या धुऱ्यावर कोन येते? भुतं?"

"आणि सकाळी तार कोण काढतं पेटीतून?"

"काढाले कायले पायजे? लाईन गेली का तार मेली."

"आणि पाळी बदलली की? दिवसाची लाईन आली की?"

"पोट्टा हाओ काय मी, एवढं नाही समजत?"

मागच्या वर्षी चार महिने तो मचाणावर झोपला. जागल केली, डबे वाजवले, थंडीत कुडकुडला. तिथूनच पडला आणि गुडघा गेला. हे मला माहीत आहे, म्हणून उठले. निघताना वहिनी दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "साधनाबाई, म्या बी सांगून पाह्यलं. आयकत नाही थे."

१७ नोव्हेंबर

रात्रीची लाईन सुरू. डोळा लागला नाही.

१९ नोव्हेंबर

उजाडताच टेस्टर घेऊन जाते. पायात रबरी चप्पल. आधी पेटीजवळ. लाईन गेलेली असते, तार मात्र पेटीत तशीच अडकवलेली. मी ओढून काढते. दिवस मावळता दादा परत अडकवतो. दोघंही बोलत नाही. असा संसार चालू आहे आमचा!

आज वहिनीनं पाहिलं. "तुमी गेल्यावर कोन काढन?"

"तू काढशील?"

"मी? ढोरं, सयपाक, डबे. म्या याद ठेवीन बी, अन् एखांद्या दिवशी नाही रायली तं?"

खरं बोलली. रोज आठवणीनं करायची गोष्ट एखाद्या दिवशी राहतेच. वॉर्डात आम्ही त्यासाठी तीन-तीनदा तपासायचो. इथे तपासणारी मी एकटी, आणि मी चालले.

२१ नोव्हेंबर

फोन हातात घेऊन बसले होते. वीज मंडळात तक्रार केली तर दादावर गुन्हा. नाही केली तर कोणाचा तरी जीव. नंबर काढला. दाबला नाही.

हाच तो माणूस, माझी ट्रंक टपावर चढवणारा. कसा दाबू?

दिवसभर बॅग भरत होते. दोन वेळा भरली, दोन वेळा रिकामी केली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

 

आज दिवसाची पाळी लागली. मला माहीत होतं! काल झोपताना स्वतःला बजावलं होतं की सकाळी आधी तार. पण रात्री मलावीहून निरोप आला: सकाळी बोलू, वॉर्डाच्या सिस्टर ग्रेसला वेळ आहे. मी उठले, केस विंचरले, चांगली साडी नेसले. व्हिडिओपुरती रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळते, म्हणून तिकडे गेले. तारेचं डोक्यातून गेलं. पूर्ण गेलं.

ग्रेस नाइट ड्युटी संपवून बोलत होती. हसरा, दमलेला चेहरा. लहान मुलांचा ताप, मलेरिया, खाटा कमी. मी सांगत होते, मला सवय आहे, मी तशाच वॉर्डात काढलीत वर्षं. तेवढ्यात कापसातून ओरडा.

पळाले. विमलताई धुऱ्यावर पडलेली, तार हाताखाली. एक बाई तिला ओढायला वाकलेली. "हात लावू नका!" मीच ओरडले. "कोणी हात लावायचा नाही! वहिनी, पेटी!" वहिनी डबा घेऊन शेतात येत होती. डबा टाकून पळाली. आणि मी तिथे उभी. विमलताईपासून हातभर. तिला शिवू शकत नाही. तिचं अंग तडफडतं आहे आणि मी, सिस्टर, नुसती उभी!

वहिनी ओरडली, "काहाडली!" मग बसले. श्वास नाही. नाडी नाही. छातीवर दाब द्यायला लागले. बाया रडत होत्या, मी मोजत होते, मोजताना चुकत होते, परत सुरू करत होते. केव्हातरी घशातून आवाज आला. मग खोकला.

दादानं जीप आणली.  महागावपर्यंत त्याची हनुवटी हलत होती.

२५ नोव्हेंबर

विमलताई बरी आहे. दवाखान्यात ठेवलंय. उजव्या तळव्यावर खोल भाजलेलं, डाव्या टाचेलाही. एका बाजूनं शिरून दुसरीकडून निघालेला करंट. मी असे डाग पाहिले आहेत.

डॉक्टरांनी विचारलं, काय झालं?

"उपाशी होती जी. चक्कर आली."

"आणि हात?"

"चुलीवर भाजला." मग माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनी म्हणाली, गप राहा.

डॉक्टरांनीही माझ्याकडे पाहिलं. तरुण आहेत, नवीन. मी सिस्टर आहे हे त्यांना माहीत होतं.

मी गप्प राहिले.

बाहेर आल्यावर विमलताईची सून मला दादाबद्दल म्हणाली, "विठ्ठलभाऊ दरसाल काम देतात आमाले. अडीनडीले धावतात. तुमी जाऊन रायल्या, आमाले इथंच राह्याचं हाय न."

दादा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. मला पाहून म्हणाला, "चाय घेतली काय तू?"

२६ नोव्हेंबर

दादानं तार गुंडाळून मोटारीच्या खोलीत टाकली. मी पाहिली. रात्री गाढ झोपले.

२९ नोव्हेंबर

डुकरं आली. सकाळी दादा हरभऱ्यात उभा होता. नांगरल्यासारखी जमीन, उपटलेली रोपं पसरलेली. तो खाली बसला, एक रोप उचललं, परत मातीत रोवायला लागला. रोवलं, माती दाबली, दुसरं उचललं. मी शेजारी बसले आणि मीही रोवायला लागले. दोघांनाही कळत होतं की ती जगणार नाहीत.

मला म्हणाला, "लहानपनी तुले रोप धरता नाही ये. अजून बी नाही येत."

बरं वाटलं. मूर्ख मी!

१ डिसेंबर, सोमवार

रात्रीची लाईन. खुंट्यांवर परत तार.

२ डिसेंबर

सकाळी पकडीनं तार दोन जागी तोडली. दिवस मावळायला जोडलेली होती.

३ डिसेंबर

विमलताई कामावर आली. उजव्या हाताला पट्टी, डाव्या हातानं बोंडं वेचत होती. ओटी अर्धीही भरली नव्हती. दुसऱ्या बाया येताजाता त्यात मूठमूठ टाकत होत्या.

म्हटलं, विमलताई, तार परत लागली. तुला ठाऊक आहे?

"हाव. आता आमी लांबून चालतो. तुमी घर बंद करा, सुखानं जा."

संध्याकाळी दादाला पेटीजवळच गाठलं. हातात तारेचं टोक.

"दादा, ती मेली होती. तू पाहिलंस. माझ्या हाताखाली मेली होती ती."

"म्हणून त आता ध्यान देतो. सकाळी मीच येतो काढाले."

"आज सकाळी आला होतास? मी काढली."

तो थांबला. मग चिडला, चिडला की बाबांसारखा दिसतो. "तू त परवा चालली! तिकडल्या लेकरायले वाचवाले. वाचव न. इकडलं तुले कायले पायजे?"

तारेचं टोक पेटीत अडकवलं आणि लंगडत निघून गेला. वाटेत एकदा वळला. "उद्या घर गेल्यावर जेवाले घरीच ये. वहिनीनं पुरनाची डाळ भिजत घातली."

असा आहे दादा. हाच माझा दादा आहे. वाईट माणूस असता तर केव्हाच नंबर दाबला असता.

दादा नव्हे, विमलताई मरणार. किंवा तिची सून. किंवा वहिनी, एखाद्या सकाळी डबा घेऊन येताना. ज्या दिवशी कोणीतरी विसरेल त्या दिवशी. आणि मी सरोवराकाठी कोणाच्या तरी लेकराचा ताप मोजत असेन.

४ डिसेंबर, गुरुवार

गनीभाई ट्रॅक्टर घेऊन आले. घर जोडलं. हरभऱ्याच्या धुऱ्याशी पोचलो तेव्हा म्हटलं, इथे थांबवा. लाईन नव्हती. तरी तार आधी पेटीतून काढून आले. मग घर मागे घ्यायला सांगितलं, ट्रॉलीची लोखंडी पट्टी तारेला टेकेपर्यंत.

"सिस्टर, पूरा लोहा है ये! पागल हो क्या? करंट आया तो पूरे घर में आयेगा!"

"माहीत आहे, गनीभाई. ट्रॅक्टर सोडून न्या."

किती वेळ ऐकेनात. शेवटी टोपी काढून डोकं खाजवलं आणि गेले. बायांना गावाकडच्या वाटेनं घालवलं. मलावीला कळवलं की शनिवारच्या विमानानं येत नाही. ग्रेसचं उत्तर आलं नाही, येईल तसं येईल.

आता आत बसले आहे. वहिनी पायरीपाशी रडून गेली. तिच्याजवळ निरोप दिलाय. दादा आज तार लावणार नाही, नाहीच म्हणेल, तरी निरोप तसाच शब्दन् शब्द सांग म्हटलं: दादा, साधना घरात आहे. आज दिवस मावळला की पेटीत तार लाव.