काटा लाल झाल्यावर

बाबा, तुमचं इंजिन गेलं. आईचंही सांगते, पण क्रमानं सांगते. घाईत सांगितलेलं तुम्हाला कधी चालायचं नाही. गिऱ्हाईक धापा टाकत गॅरेजात आलं, तरी ‘आधी आवाज आला की आधी वास आला, ते सांगा’ म्हणून त्याला पहिल्यापासून सुरू करायला लावायचात. तेव्हा तुमच्याच पद्धतीनं.

एप्रिलमधली दुपार. आई मागीलदारी फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. मी आतून हाक मारली, तिनं ओ दिली नाही. बाहेर आले तर सुरी खाली पडलेली, तिचा हात छातीवर आणि पोलकं घामानं चिंब. शेजारची काकी धावत आली. ॲम्ब्युलन्स जयगडच्या बाजूला गेली होती, यायला वेळ लागेल म्हणाले. “अगो, वाट कसली बगतंस? गाडी काड!” काकी ओरडली. गाडी म्हणजे तुमचीच व्हॅन, तुम्ही स्वतःच्या हातानं इंजिन बांधलेली. शाळेच्या मुलांची ने-आण मी अजून तिच्यावरच करत होते. आईला मागच्या सीटवर काकीच्या मांडीवर निजवलं आणि रत्नागिरीकडे निघालो.

खाडी सोडून रस्ता सड्यावर, वरच्या कातळमाळावर चढायला लागतो, तिथं माझ्या सीटखालची ऊब वाढली. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच, त्यामुळे तापमानाच्या काट्याच्या आधी आपल्या अंगाला कळतं. काटाही चढत होताच. पाणी कुठून तरी गळत असणार. तुम्ही एकदा सांगितलेलं आठवलं: अशा वेळी हीटर पूर्ण उघडायचा, म्हणजे इंजिनची आग गाडीत येते, माणसं भाजतात पण इंजिन वाचतं. मी हीटरचा खटका ओढला. काहीच आलं नाही. येणार कुठून? हीटरकडे जाणारे दोन्ही पाईप तुम्हीच एकमेकांना जोडून टाकले होते. ‘त्यांच्याकडं बर्फ पडतो, आपल्याकडं घाम गळतो, हीटर हवा कशाला?’ रत्नागिरीतल्या किती गाड्यांचे हीटर तुम्ही असे कायमचे बंद केलेत, देव जाणे. जपानी इंजिन डोक्यावर घेऊन नाचणारा माणूस, पण या एका बाबतीत जपान्यांना अक्कल नाही, हे तुमचं ठाम मत. मी तुम्हाला मोठ्यानं शिवी दिली. काकीनं ऐकली.

तशात तुम्ही मला दिसता. बाकावर उघडं इंजिन, हाताला ग्रीस, आणि मी दप्तर पाठीला लावून समोर उभी. तुम्ही सांगताय: दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात लोकांकडे पैसा नव्हता, पेट्रोल नव्हतं, गल्ल्या अरुंद. सरकार म्हणालं, इंजिन लहान ठेवा, कर कमी लावतो. मग त्यांनी तीनशे साठ सीसीत अख्खी गाडी बसवली, पुढे साडेपाचशे, मग सहाशे साठ. आधी टू-स्ट्रोक, धूर ओकणारी. धुरावर कायदे आले तशी फोर-स्ट्रोक. आपल्याकडे आलं ते त्याच घराण्यातलं, जरा थोराड, आठशेचं. सिलिंडर तीनच, कारण चौथा म्हणजे आणखी वजन, आणखी घासणं. म्हणून उभ्या गाडीत ते थरथरतं, ते काही त्याचं दुखणं नव्हे. “फक्त तापू द्यायचं नाय. बूड बिडाचं, डोकं ॲल्युमिनियमचं. दोगं सारकी फुगत नायत. काटा लाल झाला की थांबायचं. मागं कोण बसलंय ते बगायचं नाय.”

चढण अर्धी झाली आणि काटा लालात गेला. माझा पाय आपोआप उचलला गेला. गाडी मंदावली, मी कडेला घ्यायला लागले. त्या क्षणी मी आईचा विचार केला नाही, तुमचा केला. काकी काही बोलायच्या आत मागून आईचा आवाज आला, जेमतेम ऐकू येईल असा. “थांबू नको गो. ह्या खेपेला थांबू नको.”

आधीची खेप तुम्ही विसरला नसाल. आईची आई शेवटच्या घटका मोजतेय, असा चिपळूणहून निरोप आला होता. तेव्हा आपली जुनी व्हॅन, पण इंजिन याच जातीचं, आठशेचं. आई पुढे, तुमच्या शेजारी. कामथ्याच्या घाटात काटा लाल होतो आणि तुम्ही थांबता. एक ट्रकवाला पाण्याचा कॅन घेऊन येतो, त्याला तुम्ही परत पाठवता, कारण तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं की डोक्याला चीर जाते. तुम्ही तळहात टेकवता, उचलता, पुन्हा टेकवता. आई कठड्यावर बसून रस्त्याकडे बघते. एकदाच म्हणते, “अवो, निघूया ना?” तुम्ही म्हणता, “इंजिन बसलं तर पोचायचोच नाय.” बरोबरच होतं तुमचं. आपण पोचलो तेव्हा आजीला अंगणात आणून ठेवलं होतं. घरी आल्यावर आईनं रोजच्यासारखं ताट वाढलं. फक्त त्यानंतर ती कधी पुढच्या सीटवर बसली नाही, आणि तुम्हाला वाटायचं, तिला इंजिनची धग सोसत नाही.

मी ॲक्सिलरेटर दाबला. चढण सरली, सडा लागला, काटा टोकाला चिकटून बसलेला. गोडसर जळका वास यायला लागला, मग खालून टकटक. गाडी ओढेना म्हणून खालच्या गिअरवर रेटत होते. आई अधूनमधून कण्हत होती आणि प्रत्येक कण्हण्यानंतर मी पुढच्याची वाट बघत होते. शहरात शिरल्यावर हॉर्नवरचा हात काढलाच नाही. इस्पितळाच्या फाटकात मागून पांढरा धूर निघाला आणि इंजिन जे बसलं ते बसलंच. तिथून आईला स्ट्रेचरवर नेलं. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या.

आता ती घरी आहे, मीठ कमी झालं म्हणून कुरकुरते आहे. गॅरेजवाल्यानं इंजिन उघडलं आणि म्हणाला, “हेड पार वाकलंय. ह्या अवस्थेत एवढं आलं कसं?” तोच प्रश्न मला झोपू देत नाही. काटा लाल झाल्यावर इंजिन मैलभरही टिकायचं नाही, असं तुम्ही म्हणायचात. ते चढण चढलं, सडा ओलांडून गर्दीतून आलं. मेलं, पण पोचवून मेलं. मग कामथ्यालाही गेलं असतं का, बाबा? माथा जवळ होता, पुढे सगळा उतार होता. कदाचित नसतंही गेलं. मला खरंच माहीत नाही. आईला विचारायची माझी छाती नाही. काल ती आपणहूनच म्हणाली, “तुज्या बापाला कळलं असतं, तर दोन दिस जेवला नसता.” मी पांघरूण सारखं करत राहिले.

तुम्ही गेल्यापासून कितीतरी गोष्टी तुम्हाला सांगायच्या राहिल्या म्हणून हळहळत आले. ही एक मात्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, याचं मला बरं वाटतंय.